शेवटच्या खोलीचा रेडिएटर

हिवाळाभर सासूबाई स्वयंपाकघरात गॅसजवळ खुर्ची टाकून बसायच्या. त्या आपल्यावर पाळत ठेवतात, असं नेत्राला वाटलं आणि नवऱ्याच्या मागे लागून तिने त्यांचं नागपूरचं तिकीट दोन महिने अलीकडे आणलं. आज त्या बॅग भरत असताना मिशिगनमधल्या या जुन्या घराच्या हीटिंगचे पाइप धुवायला प्लंबर आला. त्यांच्या शेवटच्या खोलीतल्या, गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या रेडिएटरमधून बादलीभर काळा गाळ निघाला. “हा कित्येक महिने तापलेलाच नाही,” प्लंबर म्हणाला. नेत्रा चपापली. “आई, खोली एवढी गार होती? सांगायचं नाही का?” “अगं, मला वाटलं, अमेरिकेत खोल्या एवढ्याच तापत असतील. तुझ्या गॅसपाशी बसलं की बरं वाटायचं.” थोड्या वेळाने रेडिएटर तापला. सासूबाई दोन्ही तळहात त्यावर शेकत समाधानाने म्हणाल्या, “चला, छान झालं. आता तुझ्या आई येतील तेव्हा त्यांना थंडी वाजायची नाही.”