पायाचा आकडा

घरी न्यायच्या तयारीने दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचा पाय मोठ्या सिस्टरांनी सहज हातात घेतला, आणि तो गार लागला. खिडक्या बंद होत्या. बाळाचे हात तर चांगले उबदार होते.

"पाय गारच असतात हो त्याचे," आई म्हणाली. "कालच सांगितलं होतं मी. इथल्या सिस्टर मोजे घाला म्हणाल्या."

मोठ्या सिस्टरांनी जांघेत बोट ठेवून नाडी शोधली. ती लागेना. मग रक्तातला प्राणवायू मोजायची पट्टी उजव्या हाताला लावली. शहाण्णव. पायाला लावली. चौऱ्याऐंशी. पट्टी बदलून पाहिली, पाय बदलून पाहिला. चौऱ्याऐंशीच.

पुढचा तास पळापळीत गेला. हृदयाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि दोनदा पडद्याकडे वाकून पाहिलं. महाधमनीची कमान मध्येच तुटलेली, शिवाय हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या मध्ये भोक. कमरेखाली रक्त पोचवणारी, जन्माआधीची एक नळी तेवढी शिल्लक होती आणि तीही तिसऱ्या दिवशी मिटत चालली होती. ती उघडी ठेवायचं औषध सुरू झालं. शस्त्रक्रिया दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलात होणार होती. अँब्युलन्स निघाली होती.

बाळाबरोबर द्यायचे कागद काढायला मोठ्या सिस्टर टेबलाशी आल्या. तीन दिवसांच्या नोंदी होत्या: हात सत्त्याण्णव, पाय सत्त्याण्णव. हात शहाण्णव, पाय शहाण्णव. त्यांनी शेजारच्या बाळाचा कागद पाहिला. मग त्याच्या शेजारचा. अख्ख्या वॉर्डात हाताचे आणि पायाचे आकडे जुळ्या भावांसारखे.

या नोंदी करणाऱ्या सिस्टरला सगळे घाईबाई म्हणायचे, तेही कौतुकाने. तिचं काम कधी मागे पडलं नाही. मोठ्या सिस्टरांनी कागद तिच्यापुढे धरला.

"पायाला लावलं की लाथा मारतात. पट्टी सुटते," घाईबाई पुटपुटली. "आणि आकडा सारखाच येतो ना सगळ्यांचा."

मोठ्या सिस्टरांना शिसारी आली. तिची चांगली खरडपट्टी काढायला त्यांनी तोंड उघडलं, आणि 'तपासले' या रकान्यातली सही त्यांना दिसली. ऐटदार, शेपटी वळवलेली, ओळीमागून ओळ. त्यांची स्वतःची. गप्पा मारता मारता एका दमात दहा-दहा कागदांवर ठोकलेली. सही ठोकणारी ती बोटं आपल्याच हाताची आहेत याची त्यांना किळस वाटली.

मुख्य डॉक्टर आत आले आणि त्यांनी दार लोटलं.

"हे पाठवू नका. नवे कागद करा. पायाचा आकडा आज सकाळपासून उतरलेला दाखवा. लक्षात आलं, लगेच पाठवलं, असं दिसू दे. तसंही ही दोन व्यंगं एकाच बाळात म्हणजे दुर्मिळ केस. कुणालाच सापडली नसती."

"आजार दुर्मिळ असेल, सर. पाय सगळ्यांनाच असतात."

"सिस्टर, निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमच्या?"

"चार."

"मग?"

मोठ्या सिस्टरांनी पेन उचललं. "खालच्या अंगाला किती वेळ रक्त कमी पडलं, हे तिकडचे डॉक्टर यावरूनच ठरवतील. त्यांना थापा मारायच्या?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी पायाच्या रकान्यावर आडवी रेघ ओढली. 'पायाचे मोजमाप घेतले नाही,' असं लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली, या वेळी अक्षर अन् अक्षर. डॉक्टर पाय आपटत निघून गेले.

अँब्युलन्स आली. बाळाला उबदार ठेवणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवण्याआधी मोठ्या सिस्टरांनी त्याचा पाय पुन्हा हातात धरला. किंचित ऊब येत होती. आईला रडू फुटलं.

"सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून आज..."

अंगाला काहीतरी चिकट लागावं तसे ते शब्द मोठ्या सिस्टरांना लागले.

"ताई, उपकार म्हणू नका," त्या म्हणाल्या. "तीन दिवस पायाला पट्टी लावून कुणी मोजलंच नव्हतं. मोजलं म्हणून नुसतं लिहिलं होतं. खाली सही माझी आहे."

आईने बाळाचा पाय त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या मुठीत धरला.