दुपारचा दवाखाना

शालूबाईंच्या पायात चप्पल जाईपर्यंत जयराजनं तीनदा हॉर्न वाजवला. गाडी चालूच होती. त्याची बायको संयोगिता सासूच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवत होती.

"आवं, दवाखाना कुटं पळून चाललाय व्हय?" ती म्हणाली.

"नऊ म्हंजी नऊ. ह्या घरात घड्याळ नुसतं शोभेला टांगलंय."

फौजेतून हवालदार होऊन तो दिवाळीत कायमचा घरी आला होता. तेव्हापासून त्याला घरातलं सगळंच ढिलं वाटायचं. दूध उशिरा यायचं. शेजारी उगीच मोठ्यानं बोलायचे. रस्त्यात फटाका वाजला तर त्याचं दिवसभर डोकं फिरायचं आणि का फिरलं म्हणून कुणी विचारलं, की आणखी फिरायचं.

साताऱ्याला पोचेपर्यंत त्यानं दिसेल ती गाडी मागं टाकली. शालूबाई सीट घट्ट धरून बसल्या, पण हळू चालव म्हणाल्या नाहीत.

साखरेच्या आजाराच्या डॉक्टरांकडं गर्दी होती. आईला खुर्ची मिळवून देऊन जयराज भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होता. तेवढ्यात नर्सच्या हातून स्टीलचा ट्रे फरशीवर आदळला. काय झालं ते शालूबाईंना कळायच्या आत त्या भिंतीला चिकटल्या होत्या आणि जयराज त्यांच्यापुढं हात पसरून उभा होता. सगळा हॉल त्यांच्याकडं बघायला लागला.

"ट्रे पडला रं," शालूबाई हळूच म्हणाल्या.

"कळतंय मला. कामं नीट कराय नगंत?" तो नर्सवर खेकसला. मग बाहेर जाऊन गाडीभोवती फेऱ्या घालत राहिला. शालूबाई दंड चोळत आपला नंबर यायची वाट बघत बसल्या.

घरी आले तर भात चुलीवरच्या पातेल्यात रटरटत होता.

"आजून जेवान न्हाई? कुकर काय झालाय?"

"बिघडलाय," संयोगिता त्याच्याकडं न बघता म्हणाली.

त्याची लेक ईश्वरी शनिवारची शाळा करून आली होती. चित्रात रंग भरत पुढच्या सोप्यात बसली होती. जयराज जवळ येताना दिसला तशी तिनं पेन्सिली गोळा केल्या आणि आजीच्या मागं स्वयंपाकघरात गेली. पोरगी लाजाळू झालीय, त्याला वाटलं.

जेवणावरून तो उठतोय तोच आबा, म्हणजे त्याचे वडील लालासाहेब, टोपी घालून दारात उभे राहिले. गुडघा दाखवायला साताऱ्याला जायचं होतं.

"सकाळीच आईबरोबर आला आसता तर? एका फेरीत उरकलं आसतं की."

"माजा डॉक्टर दुपारचाच बसतो," आबा म्हणाले. तेही फौजेतलेच, सुभेदार होऊन निवृत्त झालेले. एकदा बोलले की तो विषय संपला.

दवाखाना बाजारातल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. आबा कठड्याला हात न लावता भराभर चढून गेले. जयराज मागून कुणी येतंय का, हे वळून वळून बघत चढला. दारावरची पाटी त्यानं वाचली नाही. बाहेर पडायला दार एकच आहे, एवढं मात्र बघून ठेवलं.

टेबलावरच्या मुलीनं पुकारा केला, "जयराज लालासाहेब, या."

"नाव उलटं लिवलंय तुमी," जयराज तिच्या अंगावरच गेला. "पेशंट लालासाहेब. गुडघ्याचं हाय."

"बरोबर लिवलंय," मागून आबा म्हणाले.

तेव्हा त्यानं मागं वळून दारावरची पाटी वाचली. मानसोपचार तज्ज्ञ.

त्याची कानशिलं तापली. "मी काय येडा हाय? माज्या घरच्यांनीच ठरवलंय व्हय माज्यामागं?" गाडीची किल्ली मुठीत आवळून तो दाराकडं निघाला.

आबा दारात जाऊन उभे राहिले.

"कुकर धडधाकट हाय," ते म्हणाले. "शिटी झाली की तू जिमिनीवर आंग टाकतूस. म्हनून सूनबाईनं माळ्यावर ठेवलाय."

"बाजूला व्हा, आबा."

"आनि ईश्वरी काल तुज्या आईला इचारत व्हती, पप्पा परत ड्यूटीवर कवा जाणार."

जयराज जागीच थांबला. टेबलावरची मुलगी खाली मान घालून बसली. तो भिंतीजवळच्या खुर्चीत कोसळल्यासारखा बसला.

आबा शेजारी बसले. आतून डॉक्टरबाई स्वतः आपल्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि दार उघडं ठेवून परत गेल्या.

"तुमी बी सीमेवर व्हता की," शेवटी जयराज म्हणाला. "माज्यापरीस लय बघितलंसा. तुमी कसं निभावलं?"

लालासाहेबांनी त्याचा दंड धरून त्याला उभं केलं आणि उघड्या दाराकडं वळवलं.

"म्या कुटं निभावलं रं?" ते म्हणाले. "तुज्या आईनं निभावलं."