रिकामी टाकी

आवाज झाला, आणि त्यानंतर बराच वेळ दुसरा कुठलाच आवाज झाला नाही.

त्र्यंबक ओटीच्या पायरीवर होता तसाच बसून राहिला. हातात मोटारसायकलचा कार्बोरेटर, मांडीवर फडकं. समोर अंगणात धूर होता आणि धुरात कल्हईवाला गोपीनाथ दोन्ही हात मागे टेकून बसला होता. तो ज्या पेट्रोलच्या टाकीला कथलाचा डाग देत होता, ती त्याच्यासमोर नव्हती. तिचा तळ शेवग्याच्या बुंध्याशी पडला होता. वरचा भाग शेजारच्या मंदाकिनीबाईंची कौलं फोडून त्यांच्या पडवीत गेला होता.

त्र्यंबकाला सगळं विलक्षण स्पष्ट दिसत होतं. अंगणभर निखारे. भात्याचं चामडं उभं फाटलेलं. गोपीनाथच्या डाव्या भुवईवर केस नाहीत, उजवीवर आहेत. त्याने गोपीनाथची बोटं मोजली. दहा भरली. त्याने ती पुन्हा मोजली.

"मास्तर, तुमाला लागलं नाय ना?" गोपीनाथने विचारलं. खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडून.

मग नौपाड्यातली ती सगळी गल्ली एकदम बोलू लागली. शुभदा कणकेच्या हातांनीच धावत आली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग घागर उचलून निखाऱ्यांवर ओतली. मंदाकिनीबाई पडवीतून ओरडत आल्या, की आत्ता दोन मिनिटांपूर्वी त्या तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्र्यंबकाचे वडील अण्णा काठी टेकत ओटीवर आले.

"पेट्रोलची टाकी विस्तवावर धरली याने," अण्णा म्हणाले. "अरे, लहान मूलसुद्धा करणार नाही. अडाण्याच्या हाती काम दिलं की हे असं होतं."

"याला गल्लीत पाऊल टाकू देऊ नका," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "वीस घरांच्या भांड्यांना कल्हई करतो हा. उद्या कुणाचा जीव घेईल."

"उद्यापासून बंद," कुणीतरी म्हणालं. "सामान ठेवून घ्या त्याचं. कौलांचे पैसे कोण देणार?"

गोपीनाथ बोलणाऱ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. तो मधूनच मान हलवी. त्याच्या उजव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आली होती.

त्र्यंबक कार्बोरेटर पायरीवर ठेवून उठला.

ती मोटारसायकल लष्कराची होती. लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पात लिलावात निघाली तेव्हा तिच्या चाकांत अजून चिखल होता. दोन महिने दर रविवारी तो तिचा एकेक भाग सोडवून, रॉकेलने धुऊन, वर्तमानपत्रावर क्रमाने मांडत होता. टाकीला तळाशी सुईएवढं भोक होतं. वर्कशॉपवाल्याने त्याचे पंधरा रुपये सांगितले. गोपीनाथ म्हणाला, चार आणे द्या.

आणि आज सकाळी काम सुरू करण्याआधी त्याने टाकी हलवून पाहिली होती, नाकाशी नेली होती.

"वास मारतेय, मास्तर. पाणी भरून उलटी धरतो. भोकाखाली बोटभर जागा ठेवतो न् मग डाग देतो. तेलाच्या डब्यांना मी तसंच करतो."

"पाणी नको. आत गंज धरेल," त्र्यंबक कार्बोरेटरवरून मान वर न करता म्हणाला होता. "पंधरा दिवस झाले रिकामी करून. थेंब नाही आत."

थेंब खरोखरच नव्हता. कचरा जाऊ नये म्हणून झाकण त्यानेच घट्ट लावलं होतं. आत होती पेट्रोलची वाफ आणि हवा, पंधरा दिवस एकत्र कोंडलेली. गेल्या मंगळवारीच कॉलेजात त्याने जळणारा वायू आणि हवा नळीत मिसळून काडी लावून दाखवली होती. मुलं दचकली, तेव्हा तो हसला होता. द्रव जळत नाही, वाफ जळते, असं त्याने फळ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं.

"पाणी भर म्हणत होता तो," त्र्यंबक म्हणाला. "मीच नको म्हटलं."

ते फक्त शुभदाला ऐकू गेलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"आत्ता नको," ती हळूच म्हणाली. "माणसं जाऊ देत. मग सांगा त्याला."

कुणीतरी फाटका भाता उचलून कुंपणाशी नेऊन ठेवला. गोपीनाथ त्याच्याकडे बघत राहिला.

त्र्यंबक त्याच्यापुढे उकिडवा बसला. "गोपीनाथ, चूक माझी आहे."

"काय?"

"माझी चूक."

"जोरात बोला, मास्तर. कानात भुंगा शिरल्यागत झालंय."

मास्तर काय बोलतात ते ऐकायला मंदाकिनीबाई दोन पावलं पुढे आल्या. अण्णा पायरी उतरले.

त्र्यंबकाने गोपीनाथच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता इतक्या मोठ्याने ओरडला.

"तू पाणी भरत होतास. मी भरू दिलं नाही. टाकी माझ्यामुळे उडाली."

शेवटच्या घरापर्यंत ते गेलं. अण्णांची काठी होती तिथेच थांबली.

गोपीनाथला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्र्यंबकाचा चेहरा मात्र त्याने नीट पाहिला, आणि त्याच्या गुडघ्यावर काळा हात ठेवला.

"एवढं मनाला लावून घेऊ नका, मास्तर," तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "माझंच चुकलं. तुमी शिकलेले, म्हणून मी तुमचं ऐकलं."