पोचल्याची सही

“आधी सही, ताई. मग उघडा,” म्हणत धनेशने मोबाईल पुढे धरला. राहनाळच्या गल्ल्यांतून पार्सलं वाटणाऱ्या धनेशला थांबायला सवड नव्हती. बाहेर त्याची गाडी चालूच होती. हेमालीने काचेवर बोट फिरवलं. तो गेला. मग तिने कात्रीने खोक्याची पट्टी कापली.

आत नऊवारी नव्हती. आत पडदा होता. खिडकीचा, जुना, आणि धुवायचे कष्टही कोणी घेतले नव्हते.

सासू गुणाबाई शेजारीच बसली होती. तिने पडदा उलटसुलट करून पाहिला, झटकला.

“माझे मोती कुठं हायत गो?”

मोती नऊवारीवर होते. हेमाली घरी तयार नऊवारी शिवायची आणि ऑनलाइन विकायची. शिवण तिची, मोतीकाम गुणाबाईचं. ही पिवळी नऊवारी अंबाडीच्या केसरीनाथ नावाच्या माणसाने मुलीच्या हळदीसाठी मागवली होती. काठावर मोरांची रांग पाहिजे, असं खास कळवलं होतं. गुणाबाई डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत मोर भरत राहिली. शेवटच्या मोराला सुईत दोरा ओवून द्यायला हेमालीला बसावं लागलं.

ज्या कंपनीच्या ॲपवर हेमाली माल विकायची, त्या कंपनीने एकदा धामणकर नाक्याजवळच्या हॉलमध्ये विक्रेत्यांना बोलावून समोसे खिलवले होते. टाय लावलेल्या एका साहेबाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की पार्सल देताना ग्राहकाची सही घ्यायची सोय आमच्याकडे आहे. ती घ्या, मग तुम्हाला कोणी फसवूच शकत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेमालीनेही. तेव्हापासून ती दर पार्सलमागे त्या सहीचे जादा पैसे भरत होती, देवळात तेल घालावं तसे.

नऊवारी अंबाडीला पोचली आणि केसरीनाथने तक्रार केली, काही मिळालंच नाही. हेमालीने सही दाखवली. अक्षर स्वच्छ, नावाखाली ऐटीत ओढलेली रेघ. तक्रार तिथेच निकालात निघाली.

“बघा आई, सहीपुढं कोनाचं काय चालत न्हाय,” हेमाली म्हणाली आणि त्या माणसाच्या मूर्खपणावर मनापासून हसली.

तो मूर्ख नव्हता. त्याने लगेच दुसरी तक्रार ठोकली: मिळालं, पण फाटकं मिळालं. मग कंपनीतल्या मुलीने गोड आवाजात हेमालीला समजावलं, की सही फक्त खोकं पोचल्याची असते, आतल्या मालाची नसते. ग्राहक माल परत पाठवेल, तो तुम्हाला मिळाला की त्याचे पैसे परत जातील.

आता मांडीवर पडदा घेऊन हेमालीने पुन्हा फोन लावला. तीच मुलगी होती, किंवा तितक्याच गोड आवाजाची दुसरी.

“मॅडम, माल परत मिळाल्याची तुमची सही आली आहे. ग्राहकाला पैसे गेलेत. तक्रार बंद झाली आहे.”

“अहो, पण आत पडदा निघाला.”

“सही तुमचीच आहे ना, मॅडम?”

हेमालीने फोन ठेवला, पडदा पिशवीत कोंबला आणि स्कूटर काढली.

अंबाडीत केसरीनाथला ओळखत नाही असा माणूस नव्हता. खाली त्याचं बांधकामाच्या सामानाचं दुकान, वर घर, अंगणात मांडव. मांडवात पाटावर नवरी बसली होती आणि बायका गात गात तिला हळद लावत होत्या. काठावरचे मोर हळदीने माखले होते. पोरगी सुरेख दिसत होती, आणि हेमालीला याचाच जास्त राग आला. एका बाईने तिला पाहुणी समजून सरबताचा पेला हातात दिला. तिने तो तसाच खाली ठेवला.

केसरीनाथ दुकानात टेम्पोवाल्याशी बोलत होता. पोट सुटलेला, हसतमुख, कपाळाला हळद. हेमालीने गल्ल्यासमोर पडदा टाकला.

“आमच्या बैठकीतला हाय हा,” तो म्हणाला. चेहऱ्यावर लाज शोधूनही सापडली नसती. “म्हंजे तू शिवनारी? काय हात हाय तुझा. सगल्या बाया विचारत होत्या.”

“मोती माझ्या सासूनं लावलंत, काका. डोळं फोडून.”

“मंग? तुमाला कंपनीनं पैसं दिलंच असतील. गेलं तं कंपनीचं गेलं.”

“कंपनीचं काय बी जात न्हाय. माझं गेलं. सासूचं गेलं.”

हे त्याला खरंच नवीन असावं. क्षणभर हेमालीला वाटलं, आता याचा हात गल्ल्याकडे जाईल. हात गल्ल्याकडे गेला नाही. त्याने कपाळावरची हळद पुसली, एवढंच.

“तुमची सही हाय माझ्याकडं,” ती म्हणाली आणि तिने मोबाईल त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

केसरीनाथने आपली सही नीट पाहिली. मग पोटच्या पोरीला समजवावं तशा मायेने तो तिला म्हणाला,

“अगो पोरी, अशी सहीवर माल सोडतेस? माझ्या दुकानात सहीवर सख्ख्या भावाला पन मी वीट देत न्हाय.”