गवताचं तोंड

"या गवताला पुढची बाजू, मागची बाजू असं काही असतं का?" साहेबांनी विचारलं.

गवतवाला चाट पडला. सकाळपासून साहेबांनी विचारलेला हा पहिलाच शहाणपणाचा प्रश्न होता. याआधी त्यांनी या प्लास्टिकच्या गवताला रोज पाणी किती घालायचं, ते विचारलं होतं.

"असतं ना साहेब. पाती एकाच अंगाला झुकलेली असतात. ज्याच्याकडे झुकतात त्याला दाट हिरवं दिसतं. तेच गवताचं तोंड. मागून बघणाऱ्याला नुसती चकाकी. म्हणून तोंड खिडकीकडे ठेवलंय. आजींच्या."

आजी म्हणजे साहेबांची आई. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या खालच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर पडून होत्या. पोहण्याच्या तलावाभोवतीची खरी हिरवळ त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेली. पायाला लागून माती पाण्यात येते, म्हणून साहेबांनी ती काल मुळासकट काढायला लावली.  संध्याकाळी आजींनी गवतवाल्याला खिडकीशी बोलावून घेतलं होतं.

"इथून हिरवं दिसेल ना हो? मला आता दिवसभर तेवढंच."

"दिसेल आजी. माझा शब्द," तो म्हणून बसला होता.

साहेबांनी खिडकीकडे मान वळवली आणि लगेच परत फिरवली. "तिथून बघतंय कोण?"

"आजी."

"अच्छा, आई! आईचं काय, ती अर्धा दिवस झोपेत असते. तिला हिरवं काय नि निळं काय." त्यांनी कुंपणापलीकडच्या गच्चीकडे बोट केलं. "तोंड तिकडे करा. शेजाऱ्यांचं ते कारंजं मी तीन वर्षं बघतोय. आता त्यांनी बघावं."

"म्हणजे घर तुमचं, गवत तुमचं, आणि चांगलं दिसणार शेजाऱ्यांना?"

"तेच तर!" साहेब खुशीत म्हणाले. एकदाचं या माणसाच्या डोक्यात शिरलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

गवतवाल्याचा मेहुणा कडेची खडी सारखी करत होता. तो वर न बघता पुटपुटला, "भाऊजी, हा बाबा सदरासुद्धा उलटा घालत असेल. लोकांना लेबल दिसावं म्हणून."

गवतवाल्याला हसू आलं नाही. गवताचे पट्टे नुसते पसरलेले होते, त्यामुळे अजून फिरवता येत होते. एकदा तलावाच्या वळणावर सुरी चालली की संपलं, मग ते उलटे बसणार नाहीत.

"साहेब, मी आजींना शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय, गवत मी आणलंय. जमत नसेल तर सांगा, बसवणारे पुष्कळ आहेत."

या माणसाच्या तोंडावर सुरी टाकून चालतं व्हावं, असं त्याला फार वाटलं. चपला घालून पाण्यात उतरायच्या पायरीवर उभा असलेला, आईच्या खिडकीकडे पाठ केलेला हा माणूस. याच्यासाठी गुडघे कशाला झिजवायचे?

"जमतं," तो म्हणाला. न जमायला काय झालं.

दोघांनी एकेक पट्टा उचलून फिरवला. मग त्याने वळणावर सुरी चालवली, सांध्याखाली चिकटपट्टी अंथरली, कडा डिंकाने बसवल्या, वर बारीक वाळू टाकून झाडूने पात्यांत जिरवली. काम चोख झालं. त्याला वाईट काम करता येत नसे, त्याचाही आज त्याला राग आला. दिवसभरात त्याने एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही.

उन्हं कलली तसे साहेब अंघोळीचा झगा घालून बाहेर आले आणि गच्चीकडे तोंड करून उभे राहिले. बऱ्याच वेळाने गच्चीचं दार उघडलं. शेजारीणबाई आल्या.

"वा! काय हिरवंगार झालंय!" साहेब मोठ्यांदा म्हणाले, तेही गवतवाल्याकडे बघून.

शेजारीणबाईंनी दोरीवरचा टॉवेल चाचपला, ओला लागला म्हणून तसाच ठेवला. बाकीचे कपडे खांद्यावर टाकले, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"उद्या दिसेल त्यांना," साहेब म्हणाले. मग झगा काढून पाण्यात उतरले, कारण आता दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

गवतवाला हत्यारं गोळा करत खिडकीखाली आला. झाडू नेमका तिथेच राहिला होता. तिथून त्याने तलावाकडे एकदा नजर टाकली. तिरप्या उन्हात सगळं अंगण पांढरं चकाकत होतं, ओल्या ताडपत्रीसारखं.

"गवतवाले."

आता वर बघणं भाग होतं. आजींनी पाठीशी दोन उशा घेतल्या होत्या. पदराने चष्मा पुसून त्यांनी तो पुन्हा डोळ्यांवर नीट बसवला.

"काम अगदी नेटकं केलंत हो. एक सांधा दिसत नाही."

त्याने झाडू उचलला.

"मी म्हटलं, जागी आहे तोवर बघून घ्यावं," त्या म्हणाल्या. "वरचं प्लास्टिक कधी काढताय?"