परत गेलेले पेढे

सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला सुनेनं कौतुकाचे चार शब्द बोलायचे, असं ठरलं होतं. हेमलता माइकपाशी गेली आणि नवऱ्याला नेमका तेव्हाच विनोद सुचला.

"काल गॅस बंद केला का, हे हिला आठवत नाही, पण पंचवीस वर्षांपूर्वी आई काय बोलली, ते शब्दन् शब्द पाठ!"

पाहुणे खदखदून हसले. हेमलता नाही हसली.

"दुसरीही मुलगीच झाली म्हणताच आईंनी पेढे दुकानात परत पाठवले. मी खाटेवर थरथरत होते. कळा कधीच विसरले, पण त्या पुड्याची हिरवी दोरी अजून दिसते. आई, एकदा कबूल करा, मग पोटभर कौतुक करते."

"भीतीच्या वेळी जी हार्मोन्स उसळतात ना बाबा, ती असंच कोरून ठेवतात," ती दुसरी मुलगी म्हणाली. आता ती डॉक्टर होती.

सासूबाई गोंधळल्या. "पेढे? मी? खरंच आठवत नाही गं."

आणि खरंच आठवत नव्हतं. खोटा चेहरा त्यांना कधी जमलाच नव्हता. त्यानंच हेमलताचा संताप मस्तकात गेला.

"कसं आठवेल? तुमच्यासाठी तो एक साधा मंगळवार होता."