वरची ओळ

पक्षाचा नवा जिल्हाध्यक्ष झाल्यापासून शेखर बोरस्तेला झोप नव्हती. कार्यकर्ते अजून जुने अध्यक्ष दौलतनाना यांनाच विचारून पाणी पीत. शेवटी त्याने फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "माझ्या शेजारून नानांचा फोटो हलव. पण उडवू नकोस, लोक बोलतील. वर टाक, मानाने."

फ्लेक्सवाल्याने नानांना अगदी वरच्या ओळीत, पक्षाच्या दिवंगत नेत्यांशेजारी बसवलं. फ्लेक्स जिल्हाभर झळकले.

सकाळी नामपूर-नांदगावकडच्या गाड्या नानांच्या दारात लागल्या आणि इकडे शेखरचा फोन वाजला. खुद्द नानाच होते.

"अरे शेखर, तुझे सगळे तालुकाध्यक्ष हार घेऊन रडत माझ्या ओट्यावर आलेत. मला जिवंत बघून आता हलायला तयार नाहीत. परत पाठवू, का ठेवून घेऊ?"